पिलाला वळण लावू या

आपल्या रत्नागिरीकडे वाडीवाडीत कुत्रा असतो. आंब्याची बाग राखायला तो हवा. रात्री खळ्यात कोण आले हे सांगायलाही हवा. पण लहान पिलू आणले की चार दिवसांत घरची माणसे कंटाळतात. पिलू पडवीत घाण करते. गोठ्यात जाऊन शेण खाते. कधी स्वतःची विष्ठासुद्धा खाते. माणसाला किळस येते. मग कोणी काठी उचलतो, कोणी पिलाचे नाक घाणीत घासतो.

याने काय होते? 'इथे घाण करू नये' हे पिलाला कळत नाही. 'माणसासमोर घाण करू नये' एवढेच कळते. मग ते खाटेखाली, पेटाऱ्यामागे जाऊन बसते. काही पिले तर मार चुकवायला ती घाण खाऊन टाकतात. पहिली खोड जात नाही, दुसरी मात्र लागते.

पिलू वाईट नसते, बरे का! कुत्री आपल्या पिलांची विष्ठा चाटून जागा साफ ठेवते. पिले तेच पाहतात. शिवाय पोटात भूक असेल, जंत असतील किंवा दिवसभर बांधून ठेवले असेल, तरी ही सवय लागते.

पण दुर्लक्षही करू नका. पिलाला जंत पुष्कळदा आईच्या पोटातच होतात. त्यांची अंडी विष्ठेतून पडतात. ती लगेच बाधत नाहीत. दोन-चार आठवडे मातीत राहिली की बाधतात, आणि पुढे कित्येक महिने, वर्षेसुद्धा टिकतात. आपले मूल त्याच मातीत खेळते, हात तोंडात घालते. अंडी पोटात जातात. त्यांतून निघालेली अळी अंगात फिरते. क्वचित ती डोळ्यात शिरते आणि मुलाची नजर अधू होते. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचला. विहिरीपासून आणि भाजीच्या वाफ्यापासून दूर, खोल खड्ड्यात पुरा. मग हात साबणाने धुवा. विष्ठा उचललीत की पिलाला खायलाही काही उरत नाही.

आता वळण कसे लावायचे ते पाहू.

१. दोन महिन्यांचे पिलू दोन-तीन तासांपेक्षा जास्त वेळ धरू शकत नाही. झोपून उठले, जेवले, खेळले की लगेच बाहेर न्या. जागा रोज एकच ठेवा. पावसाळ्यात वळचणीखाली कोरडी जागा करून द्या.

२. बाहेर केले की तिथल्या तिथे शाबासकी द्या, भाकरीचा तुकडा द्या. उशिरा दिलेली शाबासकी त्याला कळत नाही.

३. घरात केले तर मुकाट्याने पुसा. सारवलेली जमीन असेल तर तेवढी खरवडून पुन्हा सारवा. वास राहिला की पिलू तिथेच पुन्हा बसते.

४. दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे खायला घाला. भात किंवा भाकरी, सोबत उकडलेले अंडे किंवा काटे काढलेला मासा द्या. शिजवलेली हाडे व कांदा देऊ नका.

५. तोंडात घाण धरली तर ओढू नका. ओढली की ते घाईने गिळते. 'सोड' म्हणा आणि दुसरा चांगला तुकडा पुढे करा. समुद्रावर नेताना दोरी हातात ठेवा. जाळ्यातून टाकलेला केंड मासा विषारी असतो. तो खाल्ला तर कुत्रा मरतो.

६. पिलू दोन आठवड्यांचे झाले की जंताचे औषध सुरू करावे लागते. किती व कितीदा द्यायचे, ते सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. माणसाचे औषध अंदाजाने देऊ नका.

वळण लागायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. घरातल्या सगळ्यांनी एकच रीत पाळा. एकाने शाबासकी द्यायची आणि दुसऱ्याने काठी दाखवायची, असे झाले तर पिलू गोंधळते.

प्रश्न
१. मार दिल्यावर पिलू लपून घाण का करते?
२. विष्ठा रोज का उचलावी?
३. तुमच्या घरी पिलाला बाहेर कोण व केव्हा नेईल? घरी बोलून ठरवा आणि वहीत लिहा.