माऊथ ऑर्गन: तयार घ्यावा की घडवून?

प्रश्न: टूलरूममध्ये फिटर आहे. माऊथ ऑर्गनवर सूर वाकवायला गेलो की जमत नाही. कस्टम घ्यावा, की आहे तोच घासून सुधारावा?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर: महागड्या वाद्याने सूर वाकत नाही, ते काम जिभेचं आणि श्वासाचं. आधी तुमच्या हातात काय आहे ते पाहा. सर्रास मिळणारा २४ भोकांचा ट्रेमोलो असेल, तर त्यात एका सुराला दोन रीड बोलतात. तो सहसा वाकत नाही, दोष तुमचा नाही! १० भोकांचा डायटोनिक घ्या. होनरचा ‘स्पेशल ट्वेंटी’ पुरेसा आहे. त्याचा मधला भाग प्लास्टिकचा, ओलाव्याने फुगत नाही. फिल्मी गाणी (‘सोलवा साल’मधला आर. डी. बर्मन यांचा तुकडा, वगैरे) वाजवायची असतील, तर बटणाचा क्रोमॅटिक बरा.

सुधारणा करायचीच, तर फिटरचा हात कामी येईल. सुरुवात फक्त रीडच्या फटीपासून करा: टोक प्लेटपासून साधारण रीडच्या जाडीइतकं वर. फीलर गेज तुमच्याकडे असेलच. कानस मात्र लांब ठेवा. टोकाशी घासलं की सूर चढतो, रिव्हेटपाशी घासलं की उतरतो, आणि गेलेलं पितळ परत येत नाही. हात बसेपर्यंत जुन्या, टाकाऊ माऊथ ऑर्गनवरच सराव करा. कस्टमचा विचार वर्षभराने.