चिंध्यांचे गालिचे

न्यू फाउंडलंड हे उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळचे एक मोठे बेट. १९४९ साली ते कॅनडात सामील झाले. या बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर फेब्रुवारी महिन्यात समुद्र गोठून जातो आणि मासेमारी बंद पडते. पूर्वीच्या काळी नेमक्या याच दिवसांत तेथील कोळ्यांच्या घरांत एका निराळ्या कामाला भर येत असे. चुलीच्या उबेला चार लाकडी पट्ट्यांची एक चौकट मांडली जाई, तिच्यावर गोणपाट ताणून बसवले जाई, आणि घरातील स्त्रिया, शेजारणी व लहान मुली तिच्याभोवती बसून गालिचा भरू लागत.

या कामाला लागणारे साहित्य अगदी साधे. मुख्य हत्यार म्हणजे एक आकडी. ती बहुधा घरीच केलेली असे. एखादा खिळा घासून, वाकवून लाकडी मुठीत बसवला की झाले. जुने कोट, झगे, लोकरीचे सदरे, जे जे अंगावर घालण्याजोगे उरले नसेल ते कापून त्याच्या लांब, अरुंद पट्ट्या केल्या जात. एक हात गोणपाटाखाली पट्टी धरून ठेवी. दुसरा हात वरून आकडी गोणपाटाच्या छिद्रात घाली आणि पट्टीचा छोटासा फास वर ओढून घेई. मग शेजारचे छिद्र, मग त्याच्या शेजारचे. यात कोठे गाठ नाही की शिवण नाही. फासांची दाटीच त्यांना जागच्या जागी धरून ठेवते. आपल्याकडील गोधडीत जसा आजीच्या लुगड्याचा तुकडा ओळखता येतो, तसा त्या गालिच्यात वडिलांच्या जुन्या कोटाचा करडा रंग ओळखता येई.

ज्या गोणपाटावर हे सारे चाले, ते मात्र त्या किनाऱ्यावरचे नव्हे. त्याचा ताग पिके बंगालच्या पाणथळ भूमीत. प्रथम तो जहाजांनी स्कॉटलंडमधील डंडी शहराच्या गिरण्यांकडे जात असे. १८५५ साली कलकत्त्याजवळ रिश्रा येथे तागाची पहिली गिरणी निघाली आणि त्यानंतर गोणपाट हिंदुस्थानातही यंत्रावर तयार होऊ लागले. धान्याची व साखरेची पोती जगभर हिंडू लागली. रिकाम्या पोत्याच्या सैल विणीत आकडी सहज शिरते, हे उत्तर अमेरिकेतील काटकसरी गृहिणींच्या ध्यानात आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला तेथे झपाट्याने पसरली, त्याचे एक मोठे कारण बंगालचा ताग हेच होय.

आरंभी चित्र काढणारी आणि ते भरणारी स्त्री एकच असे. चुलीतील कोळसा घ्यावा आणि पोत्यावर आपले घर, नवऱ्याची होडी किंवा दारातले मांजर रेखाटावे. मांजर कधी कधी डुकरासारखे दिसे. पण त्याची कोणी फारशी फिकीर करीत नसे.

ती फिकीर अमेरिकेतील मेन राज्याच्या एका फेरीवाल्याला वाटली. त्याचे नाव एडवर्ड सँड्स फ्रॉस्ट. गाडीतून पत्र्याची भांडी विकणे हा त्याचा धंदा. १८६० नंतरच्या दशकात त्याने आपल्या पत्नीच्या गोणपाटावर स्वतः एक चांगली नक्षी काढून दिली. ती पाहून शेजारणीही नक्षी मागू लागल्या. प्रत्येकीसाठी हाताने रेखाटीत बसणे अशक्य झाले, तेव्हा फ्रॉस्टने पत्रा कापून साचे बनवले आणि छापील गोणपाट विकण्यास सुरुवात केली. त्यामुळे काम सोपे झाले, सुबकही झाले. परंतु गावोगावच्या घरांत आता तीच फुले आणि तोच सिंह दिसू लागला.

न्यू फाउंडलंडमध्येही पुढे असेच काहीसे घडले. १८९२ साली डॉ. विल्फ्रेड ग्रेनफेल हे इंग्रज वैद्य या भागातील कोळ्यांवर उपचार करण्यासाठी आले. लोकांचे दारिद्र्य पाहून नुसते औषध पुरेसे नाही, हे त्यांनी ओळखले. मासळीचे व्यापारी उधारीवर माल देत आणि मासळी घेऊन उधारी फेडून घेत. रोख पैसा पुष्कळ घरांना दिसतच नसे. १९०६ साली कु. जेसी ल्यूथर सेंट अँथनी या गावी हस्तोद्योग शिकवण्यासाठी आल्या. हळूहळू तेथील स्त्रियांचे गालिचे बाहेरगावी विकण्याची व्यवस्था झाली. नक्षी छापलेले गोणपाट घरोघर जाई. बर्फावरून गाडी ओढणारे कुत्रे, पांढरी अस्वले, हिमनग, होड्या अशी ती चित्रे असत. त्यांपैकी काही स्वतः डॉक्टरांनी काढलेली होती. पुढे अमेरिकेतील स्त्रियांकडून फाटके रेशमी मोजे मागवून त्यांच्या पट्ट्या वापरण्यात येऊ लागल्या. फासांच्या ओळी आडव्या व सरळ हव्यात, एकही छिद्र मोकळे राहता कामा नये, असा दंडक होता. या गालिच्यांना नाव मिळाले, आणि अनेक घरांतील मुलांच्या अंगावर त्यामुळे ऊबदार कपडे आले, कारण मोबदला पुष्कळदा कपड्यांच्या रूपानेच दिला जाई. हा लाभ लहान नव्हता. तथापि ज्या हातांनी लक्षावधी फास ओढले, त्या हातांना चित्र काढण्याची संधी या कामात क्वचितच मिळाली.

कालांतराने कारखान्यांतील स्वस्त गालिचे घरोघर आले आणि लाकडी चौकटी माळ्यावर गेल्या. ही कला नाहीशी होऊ नये असे ज्यांना वाटले त्यांनी मंडळे स्थापन केली. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात असे मंडळ १९६६ साली निघाले, नोव्हा स्कोशियात १९७९ साली. आज गालिच्यावाचून कोणाचे अडत नाही. मंडळातील स्त्रिया, आणि काही पुरुषही, केवळ आवडीने एकत्र बसतात. परंतु छापील नक्षीची सवय सहजासहजी सुटत नाही. फास ओढण्यात अत्यंत कुशल असलेली व्यक्तीदेखील, 'मला चित्र काढता येत नाही' असे म्हणून दुसऱ्याच्या नक्षीकडे वळते. या अडचणीवर मंडळांनी जो उपाय योजला, त्याला ते 'आव्हान' म्हणतात.

आव्हान म्हणजे सर्वांना एकच अट घालणे. तीत शर्यतीचा भाग थोडा. कित्येकदा बक्षीसही नसते. अट जितकी लहान तितकी ती कामाची ठरते. 'वाटेल ते चित्र काढा' असे सांगितले तर भित्र्या माणसाचा हात चालतच नाही. 'वीतभर गोणपाट घ्या आणि आपल्या खिडकीतून जे दिसते त्यातील एकच वस्तू त्यावर भरा' असे सांगितले की तोच हात कोळसा उचलतो. वीतभर जागेत चुकून चुकून किती चुकणार!

दुसऱ्या एका प्रकारात सर्वांना एकाच कापडाचा तुकडा वाटतात. समजा, ते कापड नारिंगी चौकड्यांचे आणि दिसायला मुळीच चांगले नाही. ते वापरलेच पाहिजे आणि गालिच्यात दिसलेही पाहिजे, अशी अट आहे. प्रथम सगळ्यांची तोंडे वाकडी होतात. पण चौकड्यांच्या कापडाची पट्टी काढून तिचे फास ओढले म्हणजे चौकडा मोडतो आणि रंगांचे बारीक ठिपके उरतात. मग एकीच्या हाती ते पानगळीचे झाड होते, दुसरीच्या हाती गंजलेला नांगर, तिसरीच्या हाती कोंबडीची पिसे. एखादी चतुर बाई ते कापड निळ्या रंगात बुडवून आणते. ते आता तेच कापड राहिले काय, यावर मोठा वाद माजतो, आणि पुढच्या वेळी अटीत एक ओळ वाढते.

सर्वांत कठीण प्रकार तुकड्यांच्या चित्राचा. गावातील धक्क्याचे एक मोठे चित्र घेतात, त्यावर उभ्याआडव्या रेघा आखून सारखे चौकोन पाडतात आणि प्रत्येकाला एकेक चौकोन देतात. एकाच्या वाट्याला शिडाचा कोपरा येतो, दुसऱ्याच्या वाट्याला नुसते आकाश. चौकोनाच्या कडेवर जेथे रेघ येते तेथेच ती ठेवावयाची. बाकी रंग आणि भरण्याची रीत ज्याची त्याने ठरवावयाची. काम घरी करावयाचे आणि शेजारच्या चौकोनाकडे डोकावून पाहावयाचे नाही.

यात कसोटी लागते ती हाताच्या सवयींची. कोणी पट्टी रुंद कापतो. त्याचे फास उंच उभे राहतात आणि त्याचा चौकोन शेजाऱ्याच्या डोक्यावर चढून बसतो. कोणी फास इतके दाट भरतो की त्याच्या चौकोनाच्या कडा वर वळतात. जुन्या वळणाची बाई आकाश आडव्या, सरळ ओळींनी भरते. तिची शेजारीण वाऱ्याच्या वळणाने ओळी फिरवते. ज्या बाईला नुसते आकाश मिळाले, ती आरंभी खट्टू झालेली असते. चौकोनात काहीच नाही, मग भरायचे काय? पण इतर जण शिडे आणि दोर यांत गुंतलेले असताना तिच्याजवळ रंगांखेरीज दुसरे काही नसते, म्हणून ती रंगांकडेच पाहू लागते. सकाळी खिडकीबाहेरचे आकाश खाली पिवळसर आणि वर राखी असते, हे इतक्या वर्षांत तिने कधी पाहिलेलेच नसते. ती पेटी उघडते, जुन्या लोकरी सदऱ्यांतून सहा-सात निरनिराळे राखी रंग निवडते आणि पट्ट्या कापावयास बसते.

ठरलेल्या दिवशी सारे चौकोन एका लांब मेजावर मांडले जातात. धक्का दिसू लागतो, मग होडी, मग तिचे शीड. शिडाचा एक भाग तांबडा तर दुसरा फिकट हिरवा असतो, तरी ते एकच शीड आहे, हे दुरून स्पष्ट कळते. आकाशापाशी लोक जरा अधिक वेळ थांबतात. खाली मात्र दोन चौकोनांच्या सांध्यावर समुद्राचे क्षितिज बोटभर घसरलेले असते. ते उसवून पुन्हा भरावे काय, अशी चर्चा सुरू होते. ज्या बाईच्या हातून ते घसरले ती मेजाभोवती फिरून दोन्ही बाजूंनी पाहते, आणि त्या दिवशी भरती होती, असे सांगून मोकळी होते.