गाव बदललं, तंबाखूचं रूप बदललं

प्रश्न : माझा धाकटा भाऊ साकोलीत होता तोवर खर्रा खायचा, पण विडी-सिगारेटला कधी हात लावला नाही. पुण्यात नोकरी लागली, खर्रा सुटला आणि सिगारेट सुरू झाली. माणूस कुठं राहतो यावरून तो ओढेल की नाही हे ठरतं का? आणि आमच्या भागातून इतका तेंदूपत्ता जातो, तरी आमच्या वयाच्या पोरांत विडी ओढणारा क्वचितच का दिसतो?
– एक वाचक, साकोली

उत्तर : बऱ्याच अंशी ठरतं. मात्र जागेमुळे आधी ठरतं ते तंबाखू कोणत्या रूपात घेतली जाईल हे. ती किती घेतली जाईल, हा त्यानंतरचा प्रश्न. तुमच्या भावाच्या बाबतीत नेमकं हेच झालं आहे.

आधी आकडे पाहू. केंद्र सरकारच्या 2016-17 च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशातले 10.7 टक्के प्रौढ धूम्रपान करत होते. मिझोराममध्ये हे प्रमाण 34.4 टक्के होतं आणि महाराष्ट्रात फक्त 3.8. एवढंच वाचून आपण समाधान मानलं तर मोठी फसगत होईल, कारण त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू घेत होते. आपण ओढत नाही, आपण चघळतो. पुन्हा चघळण्याचीही प्रांतवार रूपं आहेत. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात बायका भाजलेल्या तंबाखूची मशेरी दातांना लावतात. तुमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, सुपारी-तंबाखू-चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घोटून केलेला खर्रा आहे.

आता तेंदूपत्त्याकडे येऊ. साकोलीच्या भोवतालचं, नागझिरा-नवेगावच्या बाजूचं जंगल हा विडीच्या पानाचा जुना पट्टा. उन्हाळ्यात धानाच्या बांध्या रिकाम्या असतात आणि हातात पैसा नसतो. नेमका तेव्हाच तेंदूचा पाला तोडायला येतो. माणसं पहाटे जंगलात जातात, दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन देतात. हे पान वाळलं तरी चटकन तडकत नाही, गुंडाळायला मऊ राहतं, म्हणून विडीला तेच लागतं. जंगल जवळ, रेल्वे हाताशी आणि शेतीचा हंगाम संपला की रिकामे होणारे हात, यामुळे गोंदिया-भंडाऱ्याकडे विडीचे मोठे कारखाने उभे राहिले. गोंदिया 1999 पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होतं. तिथले विडी उद्योजक मनोहरभाई पटेल यांनी उभ्या केलेल्या शिक्षणसंस्थेचं महाविद्यालय तुमच्या साकोलीतही आहे आणि त्याला त्यांचंच नाव आहे. विडीत भरायची तंबाखू मात्र इथली नव्हे. ती निपाणीच्या काळ्या रानातून आणि गुजरातेतल्या चरोतरमधून येते.

म्हणजे पान इथलं, तंबाखू तिकडची आणि ओढणारे देशभरातले. एखादी वस्तू जिथं तयार होते तिथंच ती सर्वांत जास्त खपते असा काही नियम नाही. पान तोडणाऱ्या घराचा त्या पानाशी संबंध मजुरीपुरता. फुरसतीला तोंडात काय टाकायचं, हे दारासमोरच्या पानठेल्यावर काय मिळतं त्यावर ठरतं.

ठेल्यावर खर्रा जिंकला याला माझ्या मते काही साधी कारणं आहेत. रोवणीच्या दिवसांत दोन्ही हात चिखलात असतात आणि वर पाऊस. विडी तर ओढत राहिलं नाही की विझते. गालात धरलेल्या खऱ्र्याला ना हात लागतो, ना काडेपेटी. दुसरं कारण घरातल्या रीतीचं आहे. वडिलांसमोर, सासऱ्यासमोर विडी पेटवणं हा सरळ अपमान समजतात, पण गालातला खर्रा कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. कित्येकदा वडीलधारेच पन्नी पुढं करतात. बाईनं विडी ओढली तर गावभर चर्चा होते, खऱ्र्याचं तसं होत नाही. त्याच सर्वेक्षणात राज्यात धूम्रपान करणाऱ्या बायका जेमतेम दीड टक्का होत्या. बिनधुराची तंबाखू घेणाऱ्या मात्र सहांत साधारण एक. धुराला लाज आहे, गालाला नाही. इतक्या घरांत ही तंबाखू बिनबोभाट शिरली ती यामुळेच, आणि मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते.

पुण्यात यातलं बरंच उलटं होतं. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीवर घोटून देणारा ठेला तिथं सहज सापडत नाही. कार्यालयात, लिफ्टमध्ये थुंकायची सोय नसते. खाली चहाच्या टपरीवर सुटी सिगारेट मिळते आणि मधल्या सुट्टीत टोळकं तिथंच जमतं. नव्या शहरात एकट्या पोराला त्या टोळक्यात उभं राहायचं असतं, आणि हातात सिगारेट असली की उभं राहणं सोपं जातं.

इथं अमेरिकेतल्या एका अभ्यासाची आठवण होते. फ्रॅमिंगहॅममधल्या दीर्घ आरोग्य पाहणीतल्या 12 हजारांवर माणसांचं 1971 ते 2003 पर्यंतचं नात्या-मैत्रीचं जाळं निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी तपासलं आणि निष्कर्ष 2008 मध्ये मांडले. नवऱ्यानं किंवा बायकोनं सिगारेट सोडली तर जोडीदार ओढत राहण्याची शक्यता 67 टक्क्यांनी घटत होती, मित्रानं सोडली तर 36 टक्क्यांनी, भावंडानं सोडली तर 25 टक्क्यांनी. शेजारच्या घरात राहणाऱ्याचा असा परिणाम मात्र दिसला नाही. तेव्हा ‘कुठं राहतो’ याचा खरा अर्थ ‘कुणाबरोबर उठतो-बसतो’ असा घ्यायला हवा.

अर्थात जागेच्या माथी सगळं मारता येत नाही. 2016-17 च्या त्याच सर्वेक्षणात देशात खेड्यांत 11.9 टक्के आणि शहरांत 8.3 टक्के लोक ओढत होते, पण या फरकात शिक्षण, कमाई आणि विडीचा स्वस्तपणाही मिसळलेला आहे.

भावाचा खर्रा सुटला म्हणून घरच्यांनी सुस्कारा टाकू नये. खऱ्र्यातली सुपारी तंबाखूशिवायही कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2004 मध्ये स्पष्ट केलं आहे. तोंड उघडेनासं होण्याचा आजारही सुपारीचाच. सिगारेट फुप्फुसं आणि हृदय धरते. त्यानं एक धोका देऊन दुसरा घेतला आहे, निकोटीनची तलफ तशीच आहे. दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, तो गावी आला आणि जुन्या मित्रांनी पन्नी पुढं केली, तर दोन्ही एकदम सुरू होण्याची भीती खरी आहे.

जागा बदलता येते हेही सांगायला हवं. तुमच्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या पुढाकारानं 2016 पासून ‘मुक्तिपथ’ ही दारू-तंबाखूविरोधी मोहीम चालू आहे. तिथं गावंच ठराव करून दारू आणि तंबाखूची विक्री बंद पाडतात. सोडणाऱ्या एकट्या माणसाला रोज स्वतःशी जे झगडावं लागतं, त्यातला मोठा वाटा गावानं विक्री थांबवली की कमी होतो.

भावानं सोडायचा दिवस मंडईच्या बराच आधी, पुण्यात असतानाच ठरवावा आणि टपरीवरच्या एखाद्या मित्रालाही बरोबर घ्यावं. 1800-11-2356 या सरकारी क्रमांकावर सोडण्यासाठी मोफत सल्ला मिळतो. तुम्ही स्वतः खर्रा खाता का, हे पत्रात लिहिलेलं नाही. खात असाल तर त्याच दिवशी तुम्हीही सोडा आणि तसं त्याला फोन करून सांगा.