भावाची तुलना आणि त्रैराशिक

भावाचा आकडा मोठा दिसला म्हणजे तो शेतकऱ्यास लाभदायक असतोच असे नाही. दोन भाव निरनिराळ्या वजनांवर सांगितले असतील, तर प्रथम ते एका वजनावर आणले पाहिजेत. त्यासाठी त्रैराशिकाची रीत उपयोगी पडते. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मधील ‘लीलावती’त ही रीत प्रमाण, फल व इच्छा या तीन राशींनी मांडली आहे. फलास इच्छेने गुणावे व प्रमाणाने भागावे. येणारे उत्तर ते इच्छाफल होय. प्रमाण व इच्छा मात्र एकाच जातीच्या व एकाच मापातील असाव्यात.

ओझर परिसरातील टोमॅटोचे उदाहरण घेऊ. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचा भाव २० किलोच्या जाळीवर बोलला जातो. या जाळीसच लोक कॅरेट म्हणतात. समजा, बांधावर येणारा व्यापारी २२ किलो भरलेल्या जाळीस ३३० रुपये देतो. बाजारात हमाली इत्यादी खर्च वजा जाता २० किलोस ३१० रुपये मिळतात. वरवर पाहता बांधावरचा भाव सरस वाटतो. येथे प्रमाण २२, फल ३३० व इच्छा २० आहे.

३३० × २० ÷ २२ = ३०० रुपये.

म्हणजे समान वजनास बाजारात १० रुपये अधिक मिळतात.

परंतु एवढ्यावरच निर्णय करू नये. टेम्पोचे भाडे ७५० रुपये असून माल थोडा असो वा पुष्कळ, ते तेवढेच द्यावे लागते, असे समजू. येथे व्यस्त प्रमाण लागू होते. जाळ्या दुप्पट झाल्या की जाळीमागील भाडे निम्मे होते.

५० जाळ्या : भाडे १५ रुपये, हाती २९५ रुपये.
७५ जाळ्या : भाडे १० रुपये, हाती ३०० रुपये.
१०० जाळ्या : भाडे ७.५० रुपये, हाती ३०२.५० रुपये.

यावरून ५० जाळ्यांच्या धन्याने एकट्याने टेम्पो करू नये. तेवढाच माल असलेल्या शेजाऱ्यास सोबत घेतल्यास प्रत्येकास बांधावरील विक्रीपेक्षा १२५ रुपये अधिक मिळतील.

ही तुलना माल एकाच प्रतीचा असेल व दोन्हीकडे पैसे रोख मिळणार असतील तरच खरी ठरते, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आवर्जून समजावून द्यावे.

अभ्यासासाठी : कांद्याच्या ४५ किलोच्या गोणीस ८१० रुपये व एका क्विंटलास १,७५० रुपये, यांपैकी कोणता भाव अधिक? (उत्तर : गोणीचा, तो क्विंटलास १,८०० रुपये पडतो.)