सही होती, तारीख नव्हती

न्यू जर्सीतल्या एका गरीब वस्तीच्या शाळेत मी सातवी-आठवीला गणित शिकवते. त्यासाठीचं शिक्षण मी टीच ग्रँटवर केलं. अमेरिकन सरकारची ही योजना २००७ च्या कायद्यातून आली. शिक्षक होऊ पाहणाऱ्याला वर्षाला जास्तीत जास्त ४,००० डॉलर मिळतात, ग्रीनकार्डवाल्यांनाही. म्हणूनच लग्न होऊन इकडे आलेल्या मुली विचारतात, "ताई, घेऊ का?" घ्या, पण आधी माझी फजिती ऐका.

अट अशी: शिक्षण संपल्यापासून आठ वर्षांत चार वर्षं गरीब मुलांच्या शाळेत शिकवायचं, तेही गणित, विज्ञान, विशेष शिक्षण असा शिक्षकांची चणचण असलेला विषय. नाही जमलं तर ग्रँटचं कर्ज होतं, आणि व्याज पहिल्या दिवसापासून, म्हणजे पैसे मिळाले त्या तारखेपासून लागतं. मला त्यात भिण्यासारखं काही दिसलं नाही. शिकवायचं तर होतंच!

मी शिकवत असल्याचा दुसऱ्या वर्षीचा फॉर्म भरायची वेळ आली. घंटा व्हायला दोन मिनिटं होती. प्रिन्सिपलबाईंनी कॉरिडॉरमध्येच माझ्या वहीवर कागद टेकवून सही ठोकली. तारखेचा रकाना कोराच राहिला, आणि मीही न बघता पाकीट बंद केलं. फॉर्म परत आला तो जुन्या पत्त्यावर. आम्ही नुकतंच घर बदललं होतं. पुढचं पत्र हाती आलं तेव्हा माझ्या ग्रँटचं कर्ज झालेलं होतं. मी रोज वर्गात अपूर्णांक शिकवत होते आणि कागदोपत्री मी शिकवतच नव्हते. फोनवर उत्तर एकच: झालं ते बदलता येत नाही.

२०१८ मध्ये एनपीआर रेडिओने अशी प्रकरणं चव्हाट्यावर आणली, तेव्हा कळलं की माझ्यासारखे हजारो होते. त्याच वर्षअखेरीस शिक्षण खात्याने फेरविचार जाहीर केला. मी जुनी वेळापत्रकं, पगाराच्या पावत्या जपून ठेवल्या होत्या, त्या कामी आल्या आणि कर्जाची पुन्हा ग्रँट झाली. २०२१ पासून नियमही सैल झालेत. आता केवळ फॉर्म चुकला म्हणून कर्ज होत नाही. उरलेल्या मुदतीत चार वर्षं बसेनाशी झाली की मात्र होतं.

म्हणून सांगते. नोकरी धरण्याआधी शाळा सरकारच्या गरीब शाळांच्या यादीत आहे का बघा आणि त्या पानाची प्रत काढून ठेवा. निम्म्याहून जास्त तास तुमच्या ठरलेल्या विषयाचेच हवेत. 'जरा एवढे तास घ्याल का?' म्हणून दुसरे विषय गळ्यात पडतात, तेव्हा हिशेब करा. घर बदललं की सामान लावण्याआधी पत्ता कळवा. बाळंतपण, आजारपण यांसाठी मुदत थांबवून मिळते, पण अर्ज तुम्हालाच करावा लागतो. आणि पुढची काही वर्षं शिकवण्याचा विचार पक्का नसेल, तर हे पैसे कर्ज समजूनच घ्या.

फॉर्मवर सही घ्यायची ती मधल्या सुट्टीत, टेबलापाशी बसून. प्रिन्सिपलबाई आता मला बघितलं की आधी तारीखच घालतात.