पऱ्हाटीच्या वावरात इतिहासाचा तास



गटाच्या मिटिंगमध्ये एक वाक्य मी नेहमी ऐकते : "शिकला नाहीस तर वावरात राबावं लागेल." म्हणजे शेती ही शिक्षाच! अन् शाळेतही तसंच. पुस्तक एकीकडे, वावर दुसरीकडे. दोन्ही एकत्र शिकवता येतं, आणि ते आपल्या शेजारी वर्ध्यातच करून पाहिलेलं आहे.

ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या पुढाकारानं वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. त्यानंतर डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनं ७ वर्षांचा अभ्यासक्रम तयार केला. सूतकताई, शेती असा एखादा उद्योग मधोमध ठेवायचा आणि गणित, इतिहास त्याला जोडून शिकवायचे. हीच नई तालीम. सेवाग्राममध्ये याच विचाराची आनंद निकेतन शाळा २००५ पासून आहे.

आता कापसाचंच बघा. दोन तासांमधलं अंतर मोजलं, एकरी झाडं काढली, की गणित झालं. मग मुलांना विचारायचं, कापसाचा भाव कोण ठरवतं? १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध होतं. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्या वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला. युद्ध संपलं, भाव कोसळला. १८६७ ला रेल्वे नागपूरला आली, १८७७ ला टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. आपण आजही भावासाठी दूरच्या बाजाराकडे बघतो, ते कधीपासून, हे पोरांना इथे कळतं.

पुढचा इतिहास तर तुमच्या घरातच आहे. आजी घरची सरकी राखून पेरायची. आता दरवर्षी पाकीट विकत आणावं लागतं. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. त्याआधी बियाण्याला, निंदणाला, वेचणीला काय खर्च यायचा, हे आजीच सांगू शकते.

नई तालीम सगळीकडे का टिकली नाही? बऱ्याच पालकांना वाटलं, मोठ्यांची पोरं साहेब होतील अन् आपली सूत कातत बसतील. ही भीती खोटी नव्हती, असं मला वाटतं. म्हणून इंग्रजी-गणिताचा तास कापून हे करायचं नाही. आणि शिक्षणाच्या नावाखाली पोरांना वेचणीला जुंपणं तर मुळीच नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, अन् समितीत निम्म्या बाया असाव्या लागतात. तुमच्यापैकी काही जणी आहेतच त्यात, पण सही करून परत येतात! पुढच्या बैठकीत गुरुजींकडे महिन्याला एक तास मागा. गावातल्या एका म्हातारीला त्या तासाला बोलवा. मुलांनी तिला तीन गोष्टी विचाराव्यात : तुमच्या वेळी वावरात काय काय पेरायचे, बी कुठून यायचं, बाईला मजुरी किती मिळायची. उत्तरं मुलांनीच वहीत लिहावीत.

त्या वह्या रामदासपेठच्या ऑफिसात पाठवा. पुढच्या अंकात त्यातलं छापू.