दक्षिण दिशा अशुभ का ठरली?

दिशांची नावे माणसाच्या शरीरावरून पडली आहेत. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहिले की समोर असते ती पूर्व, पाठीमागे ती पश्चिम आणि उजव्या हाताला दक्षिण. 'दक्षिण' या संस्कृत शब्दाचा एक अर्थच मुळी 'उजवा' असा आहे. पालीत त्याचे 'दक्खिण' झाले आणि आपल्या मुलखाचे 'दख्खन' हे नावही त्याच शब्दातून आले. म्हणजे दक्षिण ही केवळ एक बाजू होती; शुभ-अशुभ तिला नंतर माणसांनी चिकटवले.

पुढे दक्षिण यमाची दिशा ठरली. तिकडे पाय करून झोपू नये, तिकडे दार ठेवू नये, असे नियम झाले. हे समज किरकोळ वाटतात, परंतु गावाची रचना त्यांच्यावर उभी राहिली. बाबासाहेबांच्या अस्पृश्यांविषयीच्या एका इंग्रजी ग्रंथात गावकीच्या नियमांची यादी आहे. महाराष्ट्र शासनाने १९८९ साली समग्र वाङ्मयाच्या ५ व्या खंडात तो छापला. अस्पृश्यांची वस्ती दक्षिणेकडेच असली पाहिजे, कारण चार दिशांत ती सर्वांत अशुभ, आणि हा नियम मोडणे हा अपराध, असे त्या यादीत नमूद आहे.

आज अमरावती-अकोल्यात नवीन ले-आउट पडतात, तेव्हा दक्षिणमुखी प्लॉट नको म्हणणाऱ्यांत आपलीही सुशिक्षित मंडळी असतात. गृहकर्जाच्या कागदपत्रांच्या निमित्ताने हे बोलणे कानावर येते. ज्यांच्या आजोबांना त्या दिशेला ढकलले, त्यांच्याच नातवांनी वास्तुतज्ज्ञाला फी देऊन त्याच दिशेला भ्यावे, हे फार खटकते.

तथागतांनी या प्रश्नाचे उत्तर दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात दिले आहे. राजगृहात सिगाल नावाचा गृहस्थपुत्र सकाळी ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना हात जोडत होता. वडिलांनी मरताना सांगितले म्हणून तो ते करी. तथागतांनी त्याची टिंगल केली नाही. त्यांनी दिशांचा अर्थच बदलून दिला. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे नोकर-कामगार आणि वरची म्हणजे श्रमण-ब्राह्मण. यमाच्या म्हटल्या जाणाऱ्या दिशेला त्यांनी गुरूला बसवले! शिष्याला सर्व दिशांना सुरक्षित करणे, हे त्या गुरूच्या पाच कर्तव्यांपैकी एक आहे. खालच्या दिशेचेही पाहा: मालकाने कामगाराला शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी, वेळेवर सुट्टी द्यावी. युनियनच्या मागण्या याहून फार वेगळ्या नसतात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी ही कर्तव्ये गृहस्थांच्या विनयात घेतली आहेत.

नमस्काराच्या दिशा अशा बदलल्या तरी प्रवाशाला खरी दिशा लागतेच. त्याचीही माहिती पाली वाङ्मयात आहे. केवट्ट सुत्तात दर्यावर्दी व्यापारी गलबतावर पक्षी नेत असल्याचा दृष्टांत आहे. किनारा दिसेनासा झाला की तो पक्षी सोडत. जमीन दिसली तर तो तिकडेच जाई, नाही तर गलबतावर परत येई. सुप्पारक जातकातील नावाडी तर आंधळा आहे, तरी व्यापारी त्याच्याच भरवशावर समुद्रात जातात. त्याच्या नावाशी जुळणारे सोपारा बंदर आपल्या ठाणे-वसई भागातले. तेथे अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली सापडला.

होकायंत्राची सुई चीनमध्ये सुमारे १०८८ साली शेन कुओ या विद्वानाने वर्णिली आहे. चिनी लोक तिला 'दक्षिण दाखवणारी सुई' म्हणतात. सुईला दोन टोके. आपण उत्तरेचे टोक धरले, त्यांनी दक्षिणेचे. लोहचुंबकाला शुभ-अशुभ ठाऊक नसते.

विद्यार्थ्यांनी होकायंत्राशिवाय एक प्रयोग करून पाहावा. शुल्बसूत्रांतही ही रीत आहे. डिसेंबर-जानेवारीत सपाट अंगणात काठी सरळ रोवावी आणि काठीच्या दीडपट दोरीने तिच्याभोवती वर्तुळ काढावे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला जेथे शिवेल तेथे एक खूण, दुपारनंतर पुन्हा शिवेल तेथे दुसरी. पहिली खूण पश्चिमेची, दुसरी पूर्वेची. दोन्ही जोडणाऱ्या रेषेवर काटकोन काढला की उत्तर-दक्षिण मिळते. आपला वऱ्हाड कर्कवृत्ताच्या थोडा खाली असल्याने जूनमध्ये आभाळ मोकळे असेल तर आणखी एक गंमत दिसेल. एरवी भर दुपारी उत्तरेला पडणारी काठीची सावली त्या दिवसांत बोटभर का होईना, दक्षिणेला पडते.